गाऱ्हाण्यात कोणी ‘नाही’ म्हणत नाही

आजच्या या निरोपाच्या सभेचे अध्यक्ष आणि आमच्या शेतकरी मंडळाचा गाडा गेली बारा वर्षे ओढणारे माननीय कृष्णनाथ राऊळ, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती श्री. अशोक पोवार आणि सौभाग्यवती शेवंताताई, आजऱ्याहून एवढा घाट उतरून आलेले त्यांचे आप्त, समोर बसलेले धारगळ पंचक्रोशीतले शेतकरी, बागायतदार, दुकानदार, माझ्या मायभगिनी, आणि दाराजवळ उभे राहून ‘हा कधी संपवतो आणि चहा कधी येतो’ याची वाट बघणारे माझे मित्र, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

मी बाबली शेट्ये. हमरस्त्यावर माझे हार्डवेअरचे दुकान आहे. खिळे किलोवर विकणारा माणूस शब्द मात्र मोजून मापून बोलेल, अशी अपेक्षा कोणी करू नये. अध्यक्षांनी मला पाच मिनिटे दिली आहेत आणि विषयही दिला आहे, ‘अशोकभाऊ आणि आमचे पंपसेट’. विषय चांगला आहे. चौदा वर्षांपूर्वी हे गृहस्थ सैन्यातून निवृत्त होऊन इथे गोव्यात आले. हवालदार होते, सगळी नोकरी इंजिनांवर काढलेली. तेव्हापासून या पंचक्रोशीत असा एक पंप, असा एक पॉवर टिलर दाखवा, जो त्यांच्या हाताखालून गेला नाही. ऐन नांगरणीत टिलर बंद पडावा, आपण रडवेल्या आवाजात फोन करावा, आणि पलीकडून एकच वाक्य यावे, ‘हात लावू नगासा, आलो मी.’ त्या वाक्यातला पहिला भाग जास्त महत्त्वाचा होता, हे आपल्यापैकी निम्म्यांना कधी कळले नाही. हसू नका शेटकरमामा, मी नाव घेतलेले नाही.

माझ्या आधीच्या वक्त्यांनी हे सगळे माझ्यापेक्षा गोड शब्दांत सांगितले. आता शाल देऊ, नारळ देऊ, फोटो काढू. पण मंडळी, मघाशी बाहेर चपला काढताना मी माझ्या कानांनी ऐकले. दोघे बोलत होते. एक म्हणाला, ‘तो वायट न्हय रे, पूण श्रीनाथाक ताणेंच मारलो.’ दुसरा म्हणाला, ‘घाटी तो. वचूं दी.’ म्हणजे, जाऊ दे त्याला.

मी त्या दोघांवर रागावलेलो नाही. रागावणार कोणत्या तोंडाने? सात वर्षे हेच वाक्य या गावात पाव-भाजीबरोबर खाल्ले जाते. ते खोटे आहे हे या सभागृहात दोनच माणसांना माहीत आहे. एक हे इथे हार घालून बसले आहेत. दुसरा बोलायला उभा आहे.

अशोकभाऊ, माझी बाही सोडा. बसा तुम्ही. पंपसेटवर बोलून झाले माझे.

श्रीनाथ परब माझे भावोजी. माझ्या धाकट्या बहिणीचे, विनिताचे यजमान. ती तिसऱ्या रांगेत बसली आहे. ती येणार नव्हती. सात वर्षांत ती अशोकभाऊंच्या दारावरून गेली नाही, बाजारात समोर आले तर रस्ता ओलांडते. मीच तिला म्हटले, आज ये गो, शेवटचे आहे. का ते तिला सांगितले नाही. विनू, ते आता सांगतो. तेवढे ऐकून घे.

भावोजी मामलेदार कचेरीत कारकून होते, हे तुम्हाला माहीत आहे. दिवसभर जमिनीचे उतारे, हद्दीची भांडणे, याचा बांध त्याने कोरला आणि त्याचे कुंपण याने सरकवले. चाळिसाव्या वर्षी या माणसाला उडायचे वेड लागले. अशोकभाऊंनी सैन्यातल्या ओळखीने एक जुने यंत्र आणले होते. कागद रीतसर होते, परवानगी होती. तेव्हा मोपाचे विमानतळ सुरू व्हायचे होते, आभाळ मोकळे होते. यंत्र म्हणजे तीन चाकांची गाडी, मागे मोठा पंखा आणि वर कापडाचे पॅराशूट. गावाने त्याला ‘पंख्याची गाडी’ असे नाव ठेवले होते. पहिल्या दिवशी भावोजी अशोकभाऊंच्या मागे बसून वर जाऊन आले. खाली उतरले ते तोंडभर हसत. मला म्हणाले, ‘बाबल्या, वयल्यान एकूय बांद दिसना रे! सगळें एकच शेत.’

त्या एका वाक्यासाठी हा माणूस दर रविवारी सकाळी सहाला सड्यावर, त्या उघड्या कातळमाळावर. मी बरोबर असायचो. मला उडायचे नव्हते, मला शिडीवर चढले तरी घेरी येते. पण ते कापड मागे जमिनीवर पसरायला, दोऱ्या सोडवायला माणूस लागतो. आणि भावोजी फ्लास्कमधून चहा आणि गरम उंडे पाव आणायचे, हेही खरे कारण आहे.

आता यातले एकच समजून घ्या, बाकी सोडून द्या. गाडी पळायला लागली की मागे पसरलेले कापड वाऱ्याने भरते आणि डोक्यावर उभे राहते. त्या वेळी चार-पाच सेकंद मिळतात. डावे टोक भरले का, उजवे टोक भरले का, दोऱ्या मोकळ्या आहेत का, एवढे बघायचे. सगळे ठीक असेल तर पूर्ण इंजिन आणि वर. एक जरी दोरी कापडावरून उलटी गेलेली असेल तर इंजिन बंद. बंद केले तर काही होत नाही. कापड खाली पडते, आपण शिव्या देतो, पुन्हा पसरतो. पण तसेच वर गेले तर ते यंत्र एका अंगाला ओढत जाते आणि मग माणसाच्या हातात काही राहत नाही. हेल्मेट घातलेल्या शिकाऊ माणसाला टोके नीट दिसत नाहीत. ती बघायची जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाने. गाडीतल्याने विचारायचे, खालच्याने वॉकीटॉकीवर सांगायचे.

खालचा माणूस मी.

अशोकभाऊंची एक शिस्त होती. ते म्हणायचे, ‘काय दिसतंय ते बोलायचं. डावं टोक भरलंय, असं पुरं बोलायचं. नुस्तं व्हय चालणार न्हाई. आमच्यात बी व्हय म्हणत्यात, माहिती हाय मला. व्हय म्हणजे निस्तं ऐकलं. बघितलं असं न्हाई त्यात.’ आम्हाला वाटायचे, हवालदार, किती ती कवायत.

आजऱ्याच्या पाहुण्यांसाठी सांगतो. आमच्याकडे कुठल्याही कार्याच्या आरंभी गाऱ्हाणे घालतात. नारळ ठेवायचा, जाणत्या माणसाने देवाला हाक मारायची, बा देवा म्हाराजा, लेकरांची चूकभूल सांभाळ, वाटेतली इडापिडा दूर कर, आणि प्रत्येक वाक्यावर जमलेल्या सगळ्यांनी म्हणायचे, ‘व्हय म्हाराजा!’ दुकानाचे शटर असो, नवी मोटारसायकल असो, गाऱ्हाण्याशिवाय हलत नाही. परबांच्या घरात गाऱ्हाणे घालण्याचा मान भावोजींचा. आवाज असा खणखणीत की देव झोपला असला तरी उठावा. तेव्हा एका रविवारी त्यांनी गंमत केली. ती तपासणीची प्रश्नावली त्यांनी गाऱ्हाण्याच्या चालीवर बसवली. ‘बा देवा म्हाराजा, दावें टोक भरलां?’ आणि मी खालून, ‘व्हय म्हाराजा!’ ‘उजवें टोक भरलां?’ ‘व्हय म्हाराजा!’ आम्ही दोघे पोट धरून हसलो.

अशोकभाऊ हसले नाहीत. ते चालत आमच्याकडे आले. मला ते शब्दाला शब्द आठवते. म्हणाले, ‘शेट, तुमच्या गाऱ्हाण्यात कोण कधी न्हाई म्हणतंय काय?’ मी म्हटले, छे, देवासमोर नाही कसे म्हणणार? ते म्हणाले, ‘मग ते देवाला घाला. यंत्राला घालू नगा.’ आम्ही मान डोलावली. आणि ते लांब गेल्यावर पुन्हा तेच सुरू केले. त्यांची नक्कलही केली. मीच केली.

अध्यक्षमहाराज, घंटा ऐकू आली. माझी पाच मिनिटे संपली हे मला मान्य आहे. पण ही घंटा आज वाजवू नका. हात जोडतो.

जानेवारीचा तिसरा रविवार होता. भावोजींची एकट्याने उडायची ती तिसरी खेप. अशोकभाऊ सड्याच्या पलीकडच्या टोकाला, उतरायच्या जागेवर, वाऱ्याचे निशाण बघत उभे. मधे तीनेकशे मीटर अंतर. कापड मी पसरले. दोऱ्याही मीच बघितल्या होत्या, तेव्हा त्या ठीक होत्या. आदल्या दिवशी विनूने मला बजावले होते, ‘दादा, या खेपेला तरी व्हिडिओ काढ रे, हे उडतात म्हणे, मी एकदा तरी बघीन.’ म्हणून मी एका हातात वॉकीटॉकी आणि दुसऱ्या हातात मोबाईल धरला होता. गाडी सुटली. कापड वर आले. मी मोबाईलच्या पडद्यात बघत होतो. पडद्यात भावोजींचा चेहरा होता. असा मान वळवून माझ्याकडे बघून हसत होते. मला तो चेहरा चौकटीतून सुटू द्यायचा नव्हता.

आणि त्यांनी विचारले, ‘बा देवा म्हाराजा, दावें टोक भरलां?’

मी वर बघितले नाही. मी म्हणालो, ‘व्हय म्हाराजा.’

‘उजवें टोक भरलां?’

‘व्हय म्हाराजा.’

‘दोऱ्यो मोकळ्यो?’

‘व्हय म्हाराजा.’

तीन वेळा, मंडळी. तिन्ही वेळा मी पडद्यातच बघत होतो. डाव्या अंगाची एक दोरी कापडावरून उलटी गेलेली होती. ती मला दिसली तेव्हा चाके जमिनीवरून सुटली होती. वॉकीटॉकीवर अशोकभाऊ ओरडत होते, ‘बंद! बंद! इंजिन बंद!’ भावोजींच्या कानात आता पूर्ण सुटलेल्या पंख्याचा आवाज होता. गाडी पन्नास-साठ फूट वर गेली आणि डावीकडे वळली. वळतच राहिली. डावीकडे चिऱ्यांची जुनी खाण आहे, सगळ्यांना ठाऊक आहे. तिथे काय झाले ते मी सांगणार नाही. मी कडेलाच उभा राहिलो. तीनशे मीटर पळत आलेला माणूस माझ्या शेजारून खाणीत उतरला. त्यानेच भावोजींना पाठीवर घेऊन वर आणले. त्याची पाठ त्या दिवसापासून गेली आहे. आज ते इथला बाडबिस्तारा गुंडाळून गावी चालले आहेत ते त्याच पाठीमुळे. वय झाले म्हणून, असे मघाशी कोणी म्हणाले. ते बरोबर नव्हे.

भावोजी इस्पितळात पोचेपर्यंत टिकले नाहीत.

मग चौकशी झाली. साहेब आले. मला विचारले, तुम्ही तिथे काय करत होता? मी म्हणालो, मला यातले काही कळत नाही, मी मेव्हणा, बघायला गेलो होतो. अशोकभाऊंना विचारले, तपासणी कोणी केली? ते म्हणाले, ‘शिकवणारा मी. जबाबदारी माझी.’ एवढेच. त्यांची परवानगी गेली. यंत्र भंगारात गेले. शेवंताताईंच्या खानावळीत गावातला एकही माणूस दोन वर्षे जेवायला गेला नाही, कोल्हापूर-बेळगावचे कामगार तेवढे जायचे. आणि तरी पंप बंद पडला की आपण फोन कोणाला करत होतो? त्यांनाच. आणि ते येत होते. ती पाठ घेऊन शिव्या देणाऱ्याच्या विहिरीतही उतरत होते. माझ्यात लाज उरली असती तर त्यातल्या कुठल्याही दिवशी मी बोललो असतो.

विनू, आता तुझ्याशी बोलतो. तू मला किती वेळा विचारलेस, दादा, त्या दिवशीचा व्हिडिओ. मी सांगितले, धावपळीत मोबाईल पडला, सगळे गेले. ते खोटे होते. मोबाईलला ओरखडासुद्धा आला नव्हता. व्हिडिओ होता. त्यात माझा आवाज होता, तीन वेळा. म्हणून मी त्याच संध्याकाळी, तुझ्या घरात रडारड चालू असताना, मागल्या दारी जाऊन तो पुसून टाकला. त्यात त्यांचे हसू होते गो. शेवटचे. ते तुझे होते, तुझ्या मुलीचे होते. मी ते माझ्यासाठी पुसले. चूक कोणाच्याही हातून होते, ती चूक मी देवासमोर कबूल करीन. पण हे चूक नव्हे. हे मी समजून उमजून केले. याला शब्द नाही माझ्याकडे.

मागल्या गुरुवारी मी अशोकभाऊंच्या खोलीवर गेलो. सामान बांधत होते. मी म्हटले, भाऊ, निरोपाच्या सभेत मी सगळे सांगणार आहे. ते म्हणाले, काय सांगणार? मी म्हटले, तुम्हाला माहीत नाही, त्या दिवशी मी वर बघितलेच नव्हते. ते दोरीला गाठ मारत होते. मान वर न करता म्हणाले, ‘माझ्या हातात बी वॉकीटॉकी हुता की, शेट. तीन येळा ऐकलं मी.’

मंडळी, या माणसाला पहिल्या दिवसापासून माहीत होते. मी त्यांच्या अंगावर ओरडलो, भांडलो, मग सांगितले का नाही? सात वर्षे खुनी म्हणवून घेतलेत, तोंडात काय मिठाची गुळणी धरली होती? त्यांनी गाठ पुरी केली आणि म्हणाले, ‘त्या बाईचा नवरा गेलाच हुता. भाऊ बी घालवायचा हुता काय?’

एवढेच म्हणाले. आणि पुढे, ‘सभेत पंपावर बोला. बास झालं.’ आत्ता बाही ओढत होते ते याचसाठी.

अशोकभाऊ, तुमचे ऐकले नाही. तुमचे कधीच ऐकले नाही मी, आज तरी का ऐकू? पण तुम्ही उद्या पहाटेच्या गाडीने आजऱ्याला जाल. तिथे तुम्हाला कोणी विचारील, इतकी वर्षे राहिलात, गोव्याने काय दिले? तेव्हा माणूस मारल्याचा डाग घेऊन तुम्ही घाट चढू नये. तो डाग इथे ठेवून जा. तो माझा आहे. उद्या कचेरी उघडली की हे सगळे मी लिहून देणार आहे, सही करणार आहे. पुढे जे होईल ते होईल.

विनू उठली. अडवू नका तिला. ओ दाराजवळचे, बाजूला व्हा, वाट द्या. कोणी हाका मारू नका. शेवंताताई, तुम्ही जाता का तिच्याबरोबर? जा. मी आलो तर ती थांबायची नाही.

होय अध्यक्षमहाराज, आवरतो.

आभार मानायचे आहेत. मला बोलायची संधी दिली म्हणून अध्यक्षांचे आणि मंडळाचे आभार. तिची अशी परतफेड होईल असे त्यांना वाटले नव्हते, त्याबद्दल दिलगीर आहे. घाट उतरून आलेल्या पाहुण्यांचे आभार. त्यांनी गावी गेल्यावर सांगावे की धारगळने त्यांच्या माणसाला ओळखायला उशीर केला. शेवंताताईंचे आभार, त्या इथे नाहीत, तरी मानतो. आणि अशोकभाऊंचे आभार मानण्याची माझी लायकी नाही, म्हणून ते मानत नाही. ती शाल त्यांच्या अंगावर घालताना आज सगळ्यांनी उठून उभे राहावे, एवढी विनंती करतो.

भाषणाच्या शेवटी, काही अधिकउणे बोललो असल्यास पोटात घाला, असे म्हणायची आपल्याकडे रीत आहे. मी आज तसे म्हणणार नाही. एका माणसाने सात वर्षे माझे पोटात घातले, तेवढे खूप झाले. तुम्ही घालू नका.

नमस्कार.